अब्बांच्या नावाचं पत्र

१९५६ सालची गोष्ट. वडशाला आमचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. माझे अब्बा, गुलाम रसूल, तिथले उस्ताद. थोरला भाऊ गफ्फार त्यांचा शागीर्द. हिवाळ्यात नाटकं सुरू झाली की कर्णे आमच्याकडूनच जात.

त्या वर्षी भाईजाननं नवा अँप्लिफायर स्वतः आखून जुळवला. बाहेर पडणारा आवाज थोडा उलटा करून परत आत सोडायचा, की घरघर मरते, ही त्याची युक्ती. अब्बांना ती कधी उमगली नाही. नागपूरच्या एका रेडिओ कंपनीच्या साहेबानं नाटकात तो स्वच्छ आवाज ऐकला आणि सर्किट आखणाऱ्याच्या जागेसाठी भाईजानला मुलाखतीला बोलावलं.

तो परतला तसं मी विचारलं, "भाईजान, काय झालं?"

"तीन साहेब होते. म्हणे, कागदावर काढून दाखव. दाखवलं. मंग इचारलं, हे डिझाइन कोणाचं?"

"मंग?"

"अब्बांचं म्हटलं."

"काऊन? तुमचं हाये ना!"

"पगली, उस्तादाच्या दुकानात बनलेली चीज शागीर्द आपल्या नावानं सांगते का? एवढं तं त्याहीले समजत असन."

त्यांना समजलं नाही. पंधरा दिवसांनी पत्र आलं, अब्बांच्या नावाचं. मुलानं तुमचं डिझाइन उत्तम समजावलं, ही जागा तुम्हीच घ्यावी. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. मी अर्थ सांगितला.

"पाह्य मलिका," अब्बा खुलून म्हणाले, "नागपूरवाल्याईले बी तुह्या बापाची किंमत समजली! पण या वयात कुठी जाऊ? लिहून दे, जमत नाई."

मी उत्तर लिहायला बसले. डिझाइन माझ्या भावाचं आहे, एवढी एक ओळ पुरली असती. मी भाईजानकडे पाहिलं. त्यानं अब्बांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. नको.

मी ती ओळ लिहिली नाही. पाकीट टपालात टाकायलाही मीच गेले होते. वाटेत थांबून लिहिता आली असती.

अब्बा १९६३ मध्ये गेले, समाधानानं. भाईजाननं पुढे आरमोरीत पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळण्याचं काम केलं. डोळे अधू झाले तेव्हा तेही सुटलं. मरेपर्यंत त्यानं मला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि तेच मला जड जातं. मी लग्न होऊन वरोऱ्याला आले, शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पोरींना अर्ज लिहायला शिकवताना म्हणायची, आपलं काम आपल्या नावानं लिहा. ते उत्तर लिहिलं तेव्हा सोळा वर्षांची होते मी. तेवढं कारण मला पुरत नाही.