उत्तरेकडचं ऊन

ऊन होतं. ऊनच ऊन होतं. समुद्राच्या निळ्यावर, होड्यांच्या पांढऱ्यावर, चुनखडीच्या जुन्या भिंतींच्या फिक्या पिवळ्यावर सांडलेलं, सांडून पुन्हा वर उसळलेलं, लवण-गंधित, नितळ-निर्लज्ज ऊन. पंचांगात वैशाख लागला होता आणि हवेत शरद होता. ऑस्ट्रेलियाच्या पार पश्चिम काठावरचं फ्रीमँटल नावाचं ते शहर आपलं पंचांग पाहत नाही.

त्या उन्हात प्राची गावंडे येऊन उतरली. अकोल्याजवळच्या अकोटची, चोवीस वर्षांची, पाठीवर सॅक, खिशात वर्षभर काम करत हिंडायचा व्हिसा. समुद्र तिनं आयुष्यात एकदाच पाहिला होता, सातवीच्या सहलीत, रांगेतल्या पुढच्या मुलीच्या डोक्यावरून. तेवढ्यावर तिचं पोट भरलं नव्हतं. समुद्र नुसता पाहायचा नाही, त्याच्या शेजारी राहायचं, झोपेतून उठून त्याला पाहायचं, हे तिच्या मनानं तेव्हापासूनच घेतलं होतं.

कुतूहल हा या मुलीचा जन्मजात आजार. इथले हंस काळे का? इथली झाडं पानं न टाकता सालं का टाकतात? दुपारी समुद्रावरून येणाऱ्या गार वाऱ्याला इथले लोक ‘डॉक्टर’ का म्हणतात? ती दिसेल त्याला विचारी, आणि उत्तर मिळालं की लगेच दुसरा प्रश्न काढी. काळे हंस पाहिले. सोललेल्या खोडांचा गुळगुळीत गारवा तळहातानं पाहिला. डॉक्टर रोज दुपारी तिची ओढणी तपासून गेला.

एक गोष्ट मात्र तिनं कुणालाच विचारली नाही, कारण ती विचारायची असते हेच तिला माहीत नव्हतं. पहिल्याच दुपारी ती दक्षिणेच्या किनाऱ्यावर जायला निघाली, सूर्याकडे तोंड करून, विश्वासानं, गाणं गुणगुणत. आणि पोचली उत्तरेच्या नदीवरच्या पुलावर. नावातच पूर्व दिशा घेऊन जन्मलेली मुलगी दिशा चुकली. नव्या गावाचे रस्ते असेच गोंधळ घालतात म्हणून ती हसली, आणि परत फिरली.

नेव्हेन्काबाईंचं सहा खोल्यांचं अतिथिगृह समुद्रापासून तीन गल्ल्या आत होतं. नेव्हेन्काबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. रौप्यकेशी, ताठकणी, दुखऱ्या गुडघ्याच्या. कोवळ्या वयात नवऱ्याबरोबर युरोपातल्या कुठल्याशा खडकाळ बेटावरून बोटीनं आलेल्या, आणि आता अकरा वर्षं एकट्या. त्यांना धुण्याला मदतनीस हवी होती. प्राचीला काम आणि छप्पर हवं होतं.

“चादरी यंत्रात धू. वाळवायच्या मात्र उन्हात,” बाई म्हणाल्या. “माझ्याकडे लोक त्या वासासाठी येतात. चार वाजता कोरडी चादर माझ्या हातात. तीन दिवस बघते. जमलं, तर माळ्यावरची खोली तुझी.”

प्राचीनं माळ्यावर जाऊन पाहिलं. एक खाट, एक खुर्ची, एक खिडकी. आणि खिडकीत, छपरांच्या लाल उतरणीपलीकडे, काठोकाठ भरलेला समुद्र. तिला ती खोली इतकी हवीशी झाली की छातीत दुखलं. जमलं नाही, तर शनिवारी आतल्या मुलखात जाणारी बस ठरलेली होती. सफरचंदं खोक्यात भरायचं काम, बसनं चार तास दूर, जिथे समुद्राचा आवाजही नाही.

घराच्या मागे, वरच्या मजल्यावर, एक गच्ची होती. तांबड्या कौलफरशांची, रुंद, देखणी, भिंतीत पितळी कड्या आणि कड्यांना ओवलेल्या दोऱ्या. आणि गच्ची दक्षिणेला! अकोटच्या घरी मागचं अंगण दक्षिणेलाच होतं. थंडीत सगळं घर तिथेच उन्हाला बसे. ही गच्ची ज्यानं बांधली त्याला ऊन कळत होतं, असं प्राचीच्या मनात आलं. सकाळी सातला तिनं सहा चादरी झटकून, काठाला काठ जुळवून, दोऱ्यांवर घातल्या. गच्चीवर अजून भिंतीची सावली होती. येईलच ऊन फिरून, दहापर्यंत. आणि ती शहर पाहायला निघून गेली.

चार वाजता चादरी ओलसर होत्या. थेंब नव्हता, पण अंग गार होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या दोनदा पिळल्या. दुपारी मासळीबाजारातून चक्कर मारून, पाण्यात पाय बुडवून, समुद्राच्या पक्ष्यांशी चार गोष्टी बोलून ती चारच्या ठोक्याला परत आली. चादरी गारच. आकाश निरभ्र, वारा वाहता, ऊन साऱ्या गावावर धो धो, आणि चादरी गार.

नेव्हेन्काबाईंनी चादरीचा काठ बोटांत धरला. गुडघ्यामुळे त्या जिना चढत नसत. त्यांच्यापर्यंत फक्त चादर येई.

“किती वाजता घातल्यास?”

“सातला.”

“सातला घातलेली चादर या गावात चारला ओली राहत नाही.” बाईंनी खाली पाहिलं. “तुझ्या पायाला वाळू आहे.”

प्राचीच्या घोट्यांवर खरंच वाळू होती, सोनेरी, चिकटलेली, कबुलीजबाबासारखी. बाईंना वाटत होतं की ही पोर दिवसभर हिंडते आणि चादरी तीनला टाकते. खोटं बोलणारी म्हणून आपल्याकडे कुणी पाहिलं, याचं तिला फार वाईट वाटलं. समुद्र जाणार याच्याहीपेक्षा जास्त.

“उद्या शेवटचा दिवस,” बाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी ती कुठेच गेली नाही. चादरी घातल्या आणि फरशीवर मांडी ठोकून बसली. बघूच, हे ऊन जातं कुठे.

आठ वाजले. नऊ वाजले. पलीकडच्या छपरांवर ऊन होतं, चर्चच्या मनोऱ्यावर ऊन होतं, शेजारच्या मांजरीच्या मिशांवर ऊन होतं. गच्चीवर सावली होती. सावली हलत होती, सरकत होती, एका काठाहून दुसऱ्या काठाकडे निघाली होती, पण आटत नव्हती. घनगर्द, शीतल, निवांत सावली, जशी काही कायमची राहायला आलेली. दहा वाजले. अकरा वाजले. प्राचीचा राग केव्हाच गेला होता. उरलं होतं ते नवल, आणि नवल लागलं की ही मुलगी रडायचंही विसरते.

बारा वाजता आईचा फोन आला. अकोटला तेव्हा साडेनऊ.

“काय करून राह्यली वं?”

“उनाची वाट पाह्यून राह्यली.”

“उनाची वाट?” आई हसली. मागे गच्चीवरच्या प्लास्टिकच्या कागदाची फडफड ऐकू येत होती. “इकडं पाय ठेववत नाही गच्चीवर. आत्ताच कुरडया घातल्या, अन् दुपारलोक कडकडीत होतीन. सारं ऊन तं इकडंच येऊन बसलं माय, तुह्याकडं कुठून राहीन?”

सारं ऊन इकडंच.

फोन ठेवून प्राची उठली. जिना उतरली, घरातून सरळ आरपार गेली, पुढचं दार उघडलं, आणि उन्हानं तिला दारातच गाठलं. ती गल्लीत जाऊन उभी राहिली. पायाशी पाहिलं. तिची सावली घराकडे पडली होती. भर दुपारी, दक्षिणेकडे. चोवीस वर्षांत कधीच ज्या बाजूला अशी लांब पडली नव्हती, त्या बाजूला.

ती वळली. पुन्हा वळली. गल्लीत गोल गोल फिरली. सावली जागची हलली नाही.

सूर्य उत्तरेला होता. उत्तरायणातला, वैशाखातला, अकोटच्या गच्च्या तापवणारा तोच सूर्य, आणि इथून पाहिलं तर तो आईच्या बाजूला कलला होता. आपण दक्षिणेच्या इतक्या खाली आलो आहोत की सूर्यसुद्धा आता घरच्या वाटेवर दिसतो. विमानात हे कळलं नव्हतं. नकाशावर कळलं नव्हतं. आत्ता, पायाशी पडलेल्या परक्या सावलीकडे पाहताना, कळलं. तिला रडू आलं, आणि त्याच वेळी इतकं हसू आलं की समोरून जाणारा टपालवाला थांबून पाहू लागला.

मग ती धावली. घराच्या पुढल्या अंगाला, कचऱ्याच्या डब्यांमागे, दोन गंजके खांब होते आणि त्यांच्यामध्ये तार. दोन दिवस ती त्याला पानं गळालेल्या द्राक्षवेलीचा मांडव समजत होती. सहाही चादरी तिनं मागून पुढे आणल्या, तारेवर टाकल्या, आणि उन्हानं त्या क्षणात ताब्यात घेतल्या. शुभ्र-शुभ्र, फुगत्या, फडफडत्या, प्रकाशानं गच्च भरलेल्या चादरी.

चार वाजता नेव्हेन्काबाईंनी काठ बोटांत धरला. कापूस कुरकुरला. त्यांनी चादर नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

“आज वाळल्या,” त्या म्हणाल्या. “मग काल?”

काल पिळल्या नव्हत्या, असं म्हणता आलं असतं. काल उशीर झाला, असंही म्हणता आलं असतं. बाई तेच ऐकायला बसल्या होत्या. प्राचीला वेंधळेपणाची लाज वाटत होती, पण खोटारडेपणाचा शिक्का त्याहून नको होता.

“मी मागच्या गच्चीवर घालत होते,” ती म्हणाली. “आमच्याकडे ऊन दक्षिणेला असतं. इथेही असेल, असं धरून चालले. विचारलं नाही.”

नेव्हेन्काबाईंनी नाकाशी धरलेली चादर खाली घेतली.

“दक्षिणेला,” मग त्या म्हणाल्या. आणि पुन्हा, अगदी हळू, “दक्षिणेला.”

हातातली चादर तशीच छातीशी धरून त्या उठल्या. जिन्याशी गेल्या. दुखऱ्या गुडघ्यानं एक पायरी चढल्या, थांबल्या, दुसरी चढल्या. प्राची हात द्यायला पुढे झाली. त्यांनी तो घेतला नाही. अकरा वर्षांनी बाई त्या गच्चीवर येत होत्या.

तांबड्या फरशांवर तीच घनगर्द सावली होती. बाईंनी भिंतीतल्या एका पितळी कडीवर तळहात ठेवला.

“ही माझ्या नवऱ्यानं बांधली. इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात. दिवसभर मासेमारी करायचा आणि संध्याकाळी कंदील लावून फरशा बसवायचा. बायकोचे कपडे उन्हात वाळावेत म्हणून.” त्यांनी कडी अंगठ्यानं पुसली. “आमच्या बेटावरही ऊन दक्षिणेलाच असतं.”

प्राचीनं शेजारच्या कडीला हात लावून पाहिला.

“बांधून झाली तेव्हा इतका खूश होता तो! मी काय सांगणार? पहाटे त्याची होडी गेली की मी कपडे पुढे नेऊन वाळवायची. तो यायच्या आत पुन्हा इथे आणून टांगायची. तो वर यायचा, हात लावून बघायचा. कोरडे. म्हणायचा, बघ, कशी जागा निवडली.”

“किती दिवस?” प्राचीनं विचारलं.

“त्रेचाळीस वर्षं.”

खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. डॉक्टर वारा भिंतीला वळसा घालून आला आणि रिकाम्या दोऱ्या हलवून गेला.

“त्यांना कधी कळलं?”

“कोण जाणे,” नेव्हेन्काबाई म्हणाल्या, आणि हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता त्यांचे डोळे भरले, आणि ते त्यांनी पुसले नाहीत. “त्यालाही माहीत असेल, आणि तोही बोलला नसेल. कुणाला विचारू आता? हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याला सांगावं, तो म्हणाला असता, काय मूर्ख माणूस. तू म्हणणार नाहीस.”

“नाही,” प्राची म्हणाली. “मी तर दोन दिवस म्हणत होते, ज्यानं बांधली त्याला ऊन कळत होतं.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग छातीशी धरलेली चादर उलगडली आणि एक काठ तिच्याकडे टाकला.

“धर. सोमवारी अकरा चादरी आहेत. आणि माळ्यावरची खिडकी अडकते, जोर लावून उघड.”

प्राचीनं दोन टोकं धरली. बाईंनी दोन. चादर दोघींमध्ये ताणली गेली, लांब, पांढरी, उन्हाच्या वासाची. एक झटका. मग एक पाऊल ही पुढे, एक पाऊल ती पुढे, काठाला काठ. पुन्हा मागे, पुन्हा झटका, पुन्हा पुढे. चादर अर्धी झाली. चादर पाव झाली. म्हाताऱ्या बोटांना तरुण बोटं लागली, सुटली, लागली. सावलीतल्या त्या गच्चीवर दोघी पुढे येत होत्या, मागे जात होत्या, पुढे येत होत्या, आणि त्यांच्या हातांत चादर लहान होत गेली, लहान होत गेली, ऊबदार होत गेली.