ओताकीची विहीर

हिसामात्सुने चुन्याची शेवटची पाटी विहिरीत ओतली आणि फळ्यांच्या झाकणावर खिळे ठोकले. तो नगरपालिकेचा आरोग्य कामगार, वाढलेला याच गल्लीत. विधवा ओताकी दारात उभी राहून बघत होती. तीस वर्षं तिने याच पाण्यावर तोफू केला होता. आठ दिवसांत गल्लीतली तीन माणसं पटकीने गेली होती.

आता घर तपासायचं होतं. तुमची मुलगी किनु कुठे आहे, असं त्याने ओताकीला विचारलं. मामाकडे गेली, असं ओताकीने सांगितलं. परसात दोरीवर तीन ओल्या चादरी होत्या. एकट्या बाईच्या तीन चादरी.

एक पोलीस गल्लीच्या तोंडाशी स्ट्रेचर घेऊन थांबला होता. हिसामात्सुने त्याला हाक मारली नाही. टोपी काढून तो उंबऱ्यावर बसला.

"मावशी, किनु आत आहे ना?"

"टेकडीवरच्या दवाखान्यात नेलेलं माणूस परत येत नाही."

"दहातली चार येतात. घरी ठेवली तर तेवढीही नाही."

"स्वतःच्या माणसाला पाठवलं असतंस का?"

त्याने गल्लीच्या तोंडाकडे एकदा पाहिलं.

"नाही पाठवलं. आईला पटकी झाली तेव्हा माळ्यावर लपवलं होतं. छातीत कळ येऊन गेली, असं सगळ्यांना सांगितलं." त्याने टोपी गुडघ्यावर सरळ केली. "तिचे कपडे मी तुमच्या विहिरीवर धुतले."

त्याची आई दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गेली होती. तिच्यामागून आठव्या दिवशी ओताकीचा नवरा पटकीने गेला.

ओताकीने त्याच्याकडे पाहिलं. मग दोरीवरच्या चादरींकडे पाहिलं. त्या तिने पहाटे त्याच विहिरीवर धुतल्या होत्या. ती आत गेली आणि तिने कागदी दार सरकवलं. किनु भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचे डोळे खोल गेले होते.

हिसामात्सु पुढे झाला.

"तू हात लावू नकोस तिला," ओताकी म्हणाली. "त्या पोलिसाला बोलाव."

किनुला स्ट्रेचरवर घेतल्यावर पोलिसाने मागची बाजू धरली. पुढचे दोन्ही दांडे ओताकीने स्वतः धरले. गल्लीत दोन्हीकडची दारं बंद होती. हिसामात्सु चार पावलं मागे राहून चालत होता.

टेकडीचा चढ लागला तशी ओताकी धापा टाकू लागली. तरी ती थांबली नाही. वळणापाशी मागे न बघता ती उजवीकडे सरकली आणि तिने डावा दांडा हिसामात्सुला धरायला मोकळा केला.