छुट्टीच्या दिवशीची भाकरी

मी एक जुना नाल आहे. मित्रांनो, घोड्याच्या पायातला नव्हे हं, तालमीतला. काळ्या दगडाचं जाड कडं आणि मध्ये धरायला कोरलेली मूठ, असा माझा अवतार. पैलवान मला आधी खांद्यावर चढवत आणि मग डोक्यावर नेत.

उमाजी पाथरवटाने ज्या दगडातून मला घडवलं, त्याच दगडातून त्याने एक जातंही काढलं. ते हैदराबादेतच, चिक्कडपल्लीत प्रतापराव पैलवानांच्या घरी गेलं आणि मी त्यांच्या गौलीगुड्याच्या तालमीत आलो. भावंड सुखाने ज्वारी दळत बसलं, माझ्या वाट्याला घामेजलेले हात आले. पण खरं सांगतो, मला ते हात आवडायचे. पकड लागली की लगेच कळायचं, हा गडी काल जेवला आहे की उपाशी आहे.

आमचे वस्ताद एकनाथराव सरकारी कचेरीत कारकून होते, मिशा मात्र जहागीरदाराच्या. शनिवारी तालमीला छुट्टी, आणि छुट्टीला खुराक बंद, हा त्यांचा नियम. जोर नाही, बैठका नाहीत, मग दूध-बदाम कशाला? याला कारणही होतं. हिम्मतराव नावाच्या पैलवानाने एका शनिवारी इतक्या पुरणपोळ्या हाणल्या, की रविवारी जोर मारताना सगळं आखाड्यातच बाहेर आलं. तेव्हापासून वस्तादांनी सगळ्यांना शनिवारी चहा आणि मूठभर शेंगदाण्यांवर ठेवलं. स्वतःही तसेच राहिले, हे कबूल केलं पाहिजे.

परिणाम मला विचारा! शुक्रवारी मला सहज डोक्यावर नेणारे गडी रविवारी खांद्यापर्यंत आणून टाकून द्यायचे. वस्ताद ओरडायचे, "आळस भरला अंगात!" मी पडलो दगड, सांगणार कसा?

मग वाटण्यांचे दिवस आले. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे ठरले. मराठवाडा मुंबईकडे जाणार म्हणून वस्तादांची बदली औरंगाबादला झाली. तालमीची जागा भाड्याची होती आणि मालकाला तिथे बारदानाचं गोदाम करायचं होतं. तालमीला कुणी वस्ताद असेपर्यंत जागेला हात लावणार नाही, एवढा शब्द त्याने दिला होता. म्हणजे नवा वस्ताद हवा. आमच्याकडची चाल अशी, की दसऱ्याला मारुतीसमोर जो मला डोक्यावर नेईल, तोच पुढचा वस्ताद. बदल्यांच्या गडबडीत बाकीचे गडी पांगले होते. उरले एकटे प्रतापराव. ते हरले तर तालमीला कुलूप.

आणि दसरा नेमका रविवारी आला! आदल्या दिवशी खंडेनवमी. म्हणजे आम्हा सगळ्या हत्यारांची पूजा, शनिवारची छुट्टी आणि प्रतापरावांची उपासमार. मी पार धास्तावलो.

खंडेनवमीला मला धुतलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. प्रतापरावांच्या पत्नी भामा नैवेद्य घेऊन आल्या. नैवेद्य दाखवून झाल्यावर त्यांनी दुसरं फडकं सोडलं. त्यात दोन भाकरी होत्या, तुरीचं घट्ट वरण होतं आणि सोबत तांब्याभर दूध.

"बसा जेवायला," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

वस्ताद तडकले. "भामा, आज छुट्टी आहे. नियम मालूम नाही का तुला?"

"मालूम आहे, वस्ताद. पण एक विचारते. तुमच्या शेतावर बैल आहेत ना?"

"हौ. दोन जोड्या."

"ज्या दिवशी जुंपत नाहीत, त्या दिवशी वैरण बंद करता का?"

"असं कसं करीन? दुसऱ्या दिवशी औताला उभा तरी राहील का तो..." वस्ताद मध्येच थांबले. मग हट्टाने म्हणाले, "बैल वेगळा, पैलवान वेगळा. उद्या यांचा हिम्मतराव झाला म्हणजे?"

"म्हणूनच पुरणपोळी आणली नाही. रोज तीन भाकरी खातात, आज दोन. तूपही कमी. वरण आणि दूध मात्र रोजच्याइतकंच. आठवडाभर अंग झिजतं ते आज भरून नाही निघणार, तर कधी निघणार?"

प्रतापरावांनी आजवर वस्तादांचा शब्द मोडला नव्हता. ते उठले आणि त्यांनी हात जोडले.

"वस्ताद, आज तुमचा शब्द मोडून राहिलो. पण तालीम बंद नक्को पडायला. उद्या हरलो तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

एवढं बोलून त्यांनी माझ्या शेजारीच मांडी घातली आणि भाकरी मोडली. वस्तादांनी पाठ फिरवली. मला मात्र कोण आनंद झाला! पीठ माझ्या भावंडाने दळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रतापरावांनी मला धरलं आणि मला पकड कळली. कमरेपर्यंत आलो. खांद्यावर आलो. इथेच दर रविवारी गाडी अडायची. त्यांचे दातांवर दात रुतले, पण मूठ ढिली पडली नाही. मी वर गेलो, मारुतीच्या शेंदरी कपाळाच्याही वर. रविवारी एवढ्या उंचावरून तालीम मी पहिल्यांदाच पाहत होतो.

वस्तादांनी किल्ली प्रतापरावांच्या हातात ठेवली आणि उपरण्याने डोळे पुसले. दारापर्यंत गेले आणि तिथून भामाकडे वळून म्हणाले, "उद्या दिवसभर गाडीत बसून जायचं. जोर नाही, बैठक नाही. छुट्टीच म्हण की."

"मग?"

"मग काय? दोन भाकरी बांधून दे."

मित्रांनो, आता तालमीत लोखंडी यंत्रं आली आहेत आणि मी दार अडवायच्या कामी आहे. वाईट वाटतं, पण तक्रार नाही. दारातून जाणाऱ्या पोरांचं बोलणं कानावर येतं. कुणी सुट्टीच्या दिवशी पोट मारतो, तर कुणी बिर्याणीवर तुटून पडतो. मग माझा जीव तुटतो. बाळांनो, वजन उचला आणि मग विसावाही घ्या. पण विसाव्याच्या दिवशी अंगाला उपाशी ठेवू नका. बेताने जेवा, पण जेवा.

आणि कधी गौलीगुड्याला आलात, तर मला एकदा हात लावून पाहा. काल जेवलात की नाही, ते मला लगेच कळेल.