पॉजमधले नाव

"पुन्हा घे. 'ही आई' पासून," मास्तर म्हणाले आणि हनुवटी वर करून उभे राहिले. सत्काराच्या भाषणाची ही शेवटची उजळणी होती. रंगभूषाकार त्यांच्या गळ्याला पावडर लावत होता.

प्रॉम्पटरने कागदाकडे न बघता सांगितले, "'ही आई मला कुठे भेटली?' मग... मग ते नाव."

"हो रे, तुझं नाव. लाजतोस काय नव्या नवरीसारखा? आज घेतोच."

"बायको आलीय, मास्तर. पहिल्यांदाच."

"म्हणजे इतक्या वर्षांत वहिनींना एक पास दिला नाहीस? चिक्कूच आहेस!"

"येऊन ऐकणार काय बिचाऱ्या?" रंगभूषाकार म्हणाला. "कुजबुजेंचा आवाज पहिल्या रांगेला गेला, तर नोकरी जायची."

नाटक कंपनीत सगळे प्रॉम्पटरला कुजबुजे म्हणत. खरे आडनाव वेगळे होते, ते कुणाला विचारायची गरज पडली नव्हती. विंगेत उभे राहून विसरलेल्या नटाला पुढचे वाक्य पोचवायचे आणि प्रेक्षकांना त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, एवढे त्याचे काम. विसरलेला नट श्वास रोखतो, पॉज घेणारा, म्हणजे मुद्दाम थांबणारा नट श्वास सोडतो. पॉजमध्ये वाक्य देणे हा या धंद्यातला सर्वांत मोठा गुन्हा. तो त्याच्या हातून कधी घडला नव्हता.

आज मास्तरांचा सत्कार होता, तो त्यांनी लिहिलेल्या सर्वांत गाजलेल्या नाटकासाठी. त्या नाटकाचा शेवट एके काळी जमत नव्हता. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो, आई मिठी मारते. तालमीत नटांनाच हसू फुटे. चहाच्या सुटीत प्रॉम्पटर म्हणाला होता, "मुलाला आणूच नका. बाहेर छत्री झटकल्याचा आवाज येऊ दे. आई वळून न बघता त्याचा कप काढते. बस्स." मास्तरांनी चहा संपवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितले की शेवट त्यांना पहाटे झोपेत सुचला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, प्रॉम्पटरनेही. छत्री झटकायचे काम त्याच्याकडे आले.

कप मात्र त्याच्या घरचा होता. मुलगा बापाशी भांडून गेला, तेव्हापासून जिन्यात कुणी छत्री झटकली की बायको फळीवरून मुलाचा कप काढायची. पावले वरच्या मजल्याकडे गेली की निमूट ठेवून द्यायची. नवरा-बायकोत यावर कधी शब्द निघाला नव्हता. नाटकाला तो तिला नेत नसे. "रडकं आहे, तुला नको," म्हणे.

सकाळी मात्र त्याला राहवले नव्हते. "आज मास्तर माझं नाव घेणार आहेत."

"कशाबद्दल, अहो?"

"ऐकशील."

तिने त्याच्या शर्टाला इस्त्री करून दिली. विंगेत अंधार असतो, हे तिला ठाऊक नव्हते.

भाषण रंगले. मास्तर कागद हातात घेत नसत, त्यांना ते कमीपणाचे वाटे. विंगेतून प्रॉम्पटर शब्दाशब्दाला त्यांच्यासोबत होता. नाटकाचा शेवट सांगून झाला आणि मास्तर थांबले.

"ही आई मला कुठे भेटली?"

 मास्तरांनी सावकाश श्वास सोडला. प्रॉम्पटरने तो पाहिला आणि तरीही त्याने नाव दिले. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. नेहमीपेक्षा जरा मोठ्याने.

पहिल्या चार रांगांनी ते स्पष्ट ऐकले. चौथ्या रांगेतली त्याची बायको उठून उभी राहिली.

मास्तरांनी विंगेकडे मान वळवली. चेहरा हसरा होता. "हे आमचे कुजबुजे! त्यांना वाटलं, म्हातारा स्वतःचं नाव विसरला. म्हणून स्वतःचं दिलं उसनं!"

सभागृह खदखदून हसले. हसू ओसरेपर्यंत मास्तर थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ती आई माझीच. तो कप माझ्या आईच्या हातातला. अजून कानात आहे छत्रीचा तो आवाज. ऐका..."

त्यांनी विंगेकडे हात केला.

छत्री खिळ्याला टांगलेली होती. हाताला सवय होती. प्रॉम्पटरने ती काढली आणि नेहमीसारखी झटकली.

फटीतून त्याला बायको दिसली. ती बसायची विसरली होती. टाळ्या सुरू झाल्या, तेव्हा शेजारच्यांनी तिला उभी पाहिले आणि तेही उठले. मग मागची रांग, मग त्यामागची. मास्तरांसाठी अख्खे सभागृह उभे राहिले.

दोघे घरी निघाले. कोपऱ्यावर वळल्यावर ती म्हणाली, "छत्री तुम्ही झटकत होतात?"

"हो."

"प्रत्येक प्रयोगाला?"

"हो."

"आणि ते कपाचं... तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"माझं नाव घेणार होते गं," तो म्हणाला.

"माझं कोण घेणार होतं?"

त्यानंतरच्या एका पावसाळी संध्याकाळी तो खुर्चीत बसला होता, ती ओट्याशी चहा करत होती. खाली जिन्यात कुणीतरी छत्री झटकली. त्याने डोळे उचलून फळीवरच्या मुलाच्या कपाकडे पाहिले. पावले जिना चढू लागली.

तिने चहा दोन कपांत गाळला आणि गाळणे धुऊन जागेवर ठेवले.