गोजरबाईचा खुबा

गोजरबाई चालली की उजव्या खुब्यातून आवाज यायचा. कुंई. पुन्हा कुंई. जोंधळ्याच्या रानातून येताना ती आधी ऐकू यायची, मग दिसायची.

"गाडी आली वाटतं," तिचा नवरा भिमाजी ओट्यावरून म्हणायचा. घोडेगावच्या बाजारात बैल पारखण्यात त्याचा जन्म गेलेला. "वंगण द्यायचं राह्यलं का डॉक्टरांचं?"

"हसा. कळ मला येती, तुमाला न्हाई."

बसवलेला नवा सांधा वर्षभरातच वाजू लागला होता. डॉक्टर म्हणाले, सांध्यातच दोष आहे, काढून दुसरा घालावा लागेल. कंपनी म्हणाली, बाई मांडी घालून बसत असतील. दुसऱ्या ऑपरेशनला घरात बळ नव्हतं.

सावेडीतल्या अपूर्वा वकिलांसमोर गोजरबाई अंग चोरून बसली. "डॉक्टरावर केस नको हं, ताई. देवमानूस हाय."

"डॉक्टरांवर नाही, मावशी. सांधा बनवणाऱ्या कंपनीवर. ग्राहक आयोगात. डॉक्टर आपल्या बाजूनं लिहून देतायत. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि आपण आत आहोत."

सुनावणीला अपूर्वानं मोबाईलवर भरून आणलेला आवाज ऐकवला. कंपनीचे वकील हसले. "हा दाराच्या बिजागरीचाही असेल."

गोजरबाईची कानशिलं तापली. खुर्चीचा हात धरून ती उठली. "बाईसाहेब, आमच्या बाजारात नुसत्या बोलन्यावर बैल घेत न्हाईत. आधी चालवून बघत्यात. मला चालवून बघा."

अध्यक्षबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग शिपायाला म्हणाल्या, "पंखा बंद करा."

ती भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली. कळ दातांखाली दाबून, पदर सावरून, लग्नघरात मिरवावं तशी. कुंई. कुंई. कंपनीच्या वकिलांनी कागदात डोकं घातलं.

"बिजागरी चालत आली बघा," मागच्या बाकावरून भिमाजी पुटपुटला. अध्यक्षबाईंनी डोळे वटारले, पण ओठ हललेच.

आयोगानं तज्ज्ञांकडून तपासणी करवली. निकाल आला: सांधा सदोष, दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च आणि भरपाई कंपनीनं द्यायची.

जोंधळा पुन्हा कमरेला लागला तेव्हा गोजरबाई त्याच वाटेनं घरी आली. पाऊल पडत होतं आणि मातीलाही कळत नव्हतं. भिमाजी ओट्यावर वाटेकडे कान लावून बसलेला. ती मागून गेली, अगदी त्याच्या कानाशी वाकली.

"गाडी आली का वो?"

भिमाजी असा दचकला की हातातला चहा धोतरावर सांडला. आणि गोजरबाई हसत सुटली, खुब्यावर हात ठेवून, पार रानापर्यंत ऐकू जाईल अशी.