गाड्यांना वाफ चालत नाही

जिना चढून वर आले तर आई दाराबाहेर, चपलांच्या रॅकशेजारी स्टुलावर बसलेली. डोक्यावरून टॉवेल, मांडीवर वाफेचं मशीन आणि त्याची वायर दाराच्या फटीतून आत गेलेली. छातीत कफ भरलेला, येणारे-जाणारे टकामका बघतायत आणि ही आपली खोकतेय.

"आई, हे काय? बाहेर का बसलीस?"

"अगं, वाफेनं बाळच्या गाड्यांची चकाकी जाते. त्यात काय एवढं, इथे वाराही छान येतो."

बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय वर्षं सत्तेचाळीस! गाड्या खेळण्यातल्या, पण तसं म्हटलं की साहेबांना मिरच्या झोंबतात. "मॉडेल म्हण, ताई." थंडरबर्ड, रिव्हिएरा, एल्डोराडो, जुन्या अमेरिकन ऐषारामी गाड्यांच्या वीतभर प्रतिकृती. दोनच दारं, लांबलचक बॉनेट, आणि मागे कोणी अवघडून बसलं काय न बसलं काय, चालवणाऱ्याला त्याचं काय पडलंय! बाळला अगदी शोभतात.

घरातली एसीची एकुलती एक खोली या गाड्यांची. सुती हातमोजे चढवल्याशिवाय तो एकीलाही हात लावत नाही. मऊ ब्रशनं टायर झाडतो. आईला डॉक्टरकडे न्यायचं असलं की मात्र मला फोन.

माझं डोकंच सणकलं. मशीन उचललं, आईचा दंड धरला आणि तिला थेट त्या खोलीत त्याच्या फिरत्या खुर्चीवर नेऊन बसवलं. कपाटाची काचही सरकवून ठेवली. होऊ दे मेल्या गाड्यांचं वाटोळं!

"अगं, तो रागावेल."

"रागावू दे. तू आधी श्वास घे."

हळूहळू तिची घरघर कमी झाली. मान मागे टाकून ती डोळे मिटून बसली. तिला इतकं निवांत मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. म्हटलं, आता माझ्याकडेच चल राहायला. तर चक्क "बरं" म्हणाली.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. बाळ आत आला. आईकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. धुरकटलेल्या गाड्या बघून घरात कोणी गेल्यासारखा ओरडला, "ताई, अक्कल आहे का तुला?"

मी तोंड उघडणार, तोच आई धडपडत उठली. मशीन बंद केलं, गाऊनची बाही ओढून काच पुसायला लागली. "चुकलं रे बाळा. मीच म्हटलं हिला, आत बसू." पुसता पुसता खोकल्याची उबळ आली, तर तोंड भिंतीकडे फिरवलं. गाड्यांवर शिंतोडे उडायला नकोत ना!

"आई, चल. आत्ताच्या आत्ता."

"वेडी आहेस का? मग याचं कोण बघणार?"

बाळ हातमोजे चढवत होता. "वरचा कप्पा राहिलाय," तो म्हणाला.

आई टाचा उंचावून वर हात पोचवायला लागली. त्याची किळस मला कधीचीच होती. आज आईचीही आली.