सून ऐकत नाही

माझ्या सासूबाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण त्यांच्यातली मास्तरीण काही निवृत्त झाली नाही. रोज संध्याकाळी हॉलमध्ये शिकवणी भरते, आणि आतल्या खोलीत टायपिंग करता करता मी तो सगळा अभ्यासक्रम फुकटात ऐकते.

ग्रंथींचा धडा तर मला पाठ आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी, ती सासू. गळ्यातली थायरॉईड, ती सून. सुनेने हात आखडला की सासू आवाज चढवते. सून कामाला लागली की सासू गप्प. एवढ्याशा रसावर या दोघी अख्ख्या शरीराचा संसार चालवतात, हे सांगताना सासूबाईंचा चेहरा असा उजळतो, की ही व्यवस्था जणू त्यांनीच लावून दिली आहे. लेकी बोले सुने लागे, हे मला कळतं. पण धडा इतका झकास असतो की राग येत नाही.

यंदा धडा मध्येच थांबला. मी डोकावले. सासूबाई गळ्यावर बोट ठेवून उभ्या होत्या आणि शब्द आठवत नव्हता. शेवटी मीच हळूच म्हणाले, ‘‘थायरॉईड.’’

मुलं गेल्यावर त्या खुर्चीत बसून राहिल्या. म्हणाल्या, साठी बुद्धी नाठी, आता शिकवणी बंद. त्यांच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी तिला लेकीचं नावही आठवेना. सासूबाईंना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग लक्ष गेलं ते त्यांच्या स्वेटरकडे. भर उन्हाळ्यात स्वेटर, आवाज घोगरा, चेहरा सुजल्यासारखा. हे मी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे म्हणजे काय, याच हॉलमधून, दरवर्षी.

‘‘आई, सून काम करेनाशी झाली की काय काय होतं, जरा सांगा ना.’’

सवयीने त्या घडाघडा म्हणू लागल्या. ‘‘थंडी वाजते, आवाज बसतो, केस गळतात, माणूस विसरा...’’ त्यांचा हात आपोआप स्वेटरच्या गुंड्यांवर गेला.

रक्ताच्या रिपोर्टात थायरॉईड तळाला गेलेली आणि पिट्युटरीचा हार्मोन आकाशाला भिडलेला. डॉक्टरांनी रोज अनशापोटी एक गोळी दिली आणि विसरणंही यानेच कमी होईल असं सांगितलं. सासूबाई मात्र कौतुकाने रिपोर्टच बघत बसल्या. ‘‘बघ गं, कुणी ऐकत नव्हतं तरी बिचारी सासू हाका मारत राहिली. आणि मी म्हातारपणाला बोल लावत बसले.’’

काही महिन्यांनी शिकवणी पुन्हा भरली. कुठेही न अडखळता ग्रंथींचा धडा शेवटाला आला, आणि त्यात एक नवीन वाक्य होतं.

‘‘सून ऐकत नाही म्हणून नुसतं ओरडू नये. ती दमलेली असू शकते, तिला हात द्यावा लागतो.’’

आतल्या खोलीत नीट ऐकू जाईल, अशा खणखणीत आवाजात त्या हे म्हणाल्या.